इंदूरमध्ये हेल्थ कोचवर पैसे खर्च करावेत का?

तुम्ही लिहिलंय की एचबीए१सी (तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) ६.१ आलाय, डॉक्टरांनी ‘वजन उतरवा, चालायला लागा’ एवढंच सांगून तीन महिन्यांनी बोलावलंय आणि हेल्थ कोच लावावा की नाही हे ठरत नाहीये. काय खायचं तेच कळत नसेल तर डायटिशियनकडे जा. कळतंय पण हातून होत नाही, अशी गत असेल तर कोच कामाचा. माझी दुसरी गत होती.

५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, इथून मागे फिरता येतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात आहार-व्यायामाच्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीच्या गटात ३१ टक्क्यांनी. त्या पहिल्या गटातल्या प्रत्येकामागे एक कोच होता. आपल्याकडच्या २००६ च्या अभ्यासात आहार-व्यायामाच्या गटाचा हा आकडा साधारण २८ टक्के आला, तेव्हा चमत्काराची आशा ठेवू नका.

माझ्या कोचबाईंनी आल्या आल्या चार्ट दिला नाही. आठवडाभर जे खाता ते जसंच्या तसं लिहा, म्हणाल्या. लिहिलं तर पानोपानी सेव! पोह्यांवर सेव, वरण-भातावर सेव, दुपारच्या चहाबरोबर सेव. ‘सेव बंद’ असं त्या म्हणाल्या असत्या तर मी त्यांनाच बंद केलं असतं. त्यांनी विचारलं, “यातली कुठली सुटणारच नाही?” पोह्यांवरची, मी म्हटलं. जिरावन मसाला आणि सेवेशिवाय पोहे म्हणजे आजाऱ्याचं खाणं. मग डबा टेबलावरून वरच्या फळीवर गेला आणि पोह्यांपुरती चिमूटभर सेव वाटीत काढायची, असं मीच ठरवलं. मी ठरवलं म्हणून टिकलं.

तसंच सराफ्याचं, म्हणजे रात्री खाण्याची दुकानं लागतात त्या सराफा बाजाराचं. पुण्याचे पाहुणे आले की सोन्याची दुकानं बंद झाल्यावर तिकडे जाणं आलंच. बाई आधीच विचारत, “त्या दिवशी काय कराल?” त्या रात्री घरी जेवायचं नाही, तिथे भुट्ट्याचा कीस घ्यायचा, थंडीत गराडूची (तळलेल्या कंदाची) प्लेट दोघांत एक, जलेबा म्हणजे भलीमोठी जिलेबी पाहुण्यांना, असं ठरलेलं असे. ऐन वेळी डोकं चालवावं लागत नसे.

आणि दर रविवारी त्यांचा मेसेज: किती दिवस चाललात? हेच घरच्यांनी विचारलं की टोमणा वाटतो. ह्यांनी विचारलं की आमच्याकडे अबोला. बाहेरच्या माणसाला मात्र आपण सरळ उत्तर देतो. माझ्या मते निम्मी फी या एका प्रश्नाची असते.

आता जपायचं कुठे? हेल्थ कोच म्हणवून घ्यायला डॉक्टरसारखी नोंदणी लागत नाही, पाटी कोणीही लावतो. पहिल्याच भेटीत पावडरचा डबा पुढे आला तर उठून या. औषध कमी करा, बंद करा असं कोच म्हणाला तर तो कितीही गोड बोलत असला तरी ते डॉक्टरांवरच सोडा. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे महिन्याभरात पुन्हा एचबीए१सी करायला लावणाऱ्याचंही ऐकू नका.

वर्षाचं पॅकेज मुळीच घेऊ नका, एका महिन्याचे पैसे भरून बघा. तेही पहिल्या भेटीत कोण जास्त बोलतंय ते पाहून. तासभर तोच बोलत राहिला तर महिन्याचेही भरू नका.