अमेरिकन जॅझ बँडप्रमुख काउंट बेसीच्या ‘वन ओक्लॉक जंप’ या रचनेत दोन टेनर सॅक्सोफोन ऐकू येतात. त्यातला लेस्टर यंग कोणता?

दुसरा. 7 जुलै 1937 रोजी डेका या रेकॉर्ड कंपनीसाठी झालेल्या मूळ ध्वनिमुद्रणात पहिला टेनर हर्शेल इव्हान्सचा आहे. मग जॉर्ज हंटचा ट्रॉम्बोन, त्यानंतर लेस्टर आणि त्याच्यामागून बक क्लेटनचा ट्रम्पेट.

खात्री करायची तर मात्रा मोजा. रचना बारा बारच्या ब्लूजची आहे, एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एक आवर्तन 48 मात्रांचं, साधारण 16-17 सेकंदांचं. वॉल्टर पेजचा बास प्रत्येक मात्रेवर पडतो, त्याला धरून चाला. 17व्या मात्रेला स्वरमेळ षड्जावरून मध्यमावर सरकतो. ती जागा सापडली की मोजणी चुकत नाही. सुरुवातीला बेसीचा पियानो पांढरी चार पट्टीत आहे. काळी एकमध्ये उडी पडते तिथे, पाऊण मिनिटाच्या आसपास, हर्शेल सुरू होतो. तिथून तिसरं आवर्तन लेस्टरचं.

आता नाद. हर्शेलचा सूर जाड, घशातून आल्यासारखा, आणि लांबवलेल्या सुराच्या शेवटी रुंद कंप. लेस्टरचा सूर हलका, कोरडा, जवळजवळ बिनकंपाचा. तो सुरुवातीलाच एक सूर दोन वेगळ्या फिंगरिंगनी (बोटांच्या ठेवणींनी) आलटून पालटून वाजवतो: उंची तीच, रंग मात्र उघडा-मिटता. एवढ्याशा सामग्रीत केवढी झुलती लय आहे, हे त्या पहिल्या काही मात्रा पुन्हा पुन्हा ऐकल्या की कळतं.

कान तयार करायला आणखी दोन रेकॉर्ड घ्या. ‘ब्लू अँड सेंटिमेंटल’मध्ये (जून 1938) टेनर हर्शेलचा आणि लेस्टर क्लॅरिनेटवर आहे, त्यामुळे घोटाळा होतच नाही. ‘लेस्टर लीप्स इन’मध्ये (सप्टेंबर 1939) सात जणांच्या संचात लेस्टर हा एकमेव सॅक्सोफोनवादक. या दोन्ही पक्क्या झाल्या की ‘डॉगिन अराउंड’ लावा. तिथे दोघंही टेनरवर आहेत, आधी हर्शेल, बऱ्याच वेळाने लेस्टर.

एक चूक अनेकांची होते. हर्शेल फेब्रुवारी 1939 मध्ये वारला आणि पुढे त्याची जागा बडी टेटने घेतली. टेटचा सूरही भरदार, म्हणून 1939-40 च्या रेकॉर्डवरचा जाड टेनर सर्रास हर्शेलच्या नावावर खपवला जातो.

शिवाय प्रत कोणती ऐकता ते बघा. खरखर काढायच्या नादात वरच्या कंपनसंख्या कापलेल्या असतील, तर ड्रमवादक जो जोन्सची हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) नाहीशी होते आणि दोन्ही टेनर सारखेच गुळगुळीत वाटू लागतात. थोडी खरखर राहिलेली, मोनो प्रत घ्या. नंतर चढवलेला नकली स्टिरिओ टाळा. वेगही तपासा: 78 ची (मिनिटाला 78 फेऱ्यांची) तबकडी सहा टक्के जलद फिरली तरी सगळं अर्ध्या सुराने चढतं आणि हर्शेलचा जाडपणा पातळ होतो. हर्शेल सुरू झाला की हार्मोनियमवर काळी एक धरून बघा. जुळली नाही, तर प्रत बदला.