ऑनर्सच्या प्रबंधात गृहीतक सिद्ध झाले नाही, तर काय करावे?

तुम्ही लिहिले आहे की मेलबर्नमध्ये मानसशास्त्राच्या ऑनर्स वर्षासाठी (म्हणजे शिक्षणाच्या चौथ्या, संशोधनाच्या वर्षासाठी) तुम्ही समाजमाध्यमांवर जाणारा वेळ आणि एकाकीपणा यांचा संबंध तपासला, ९४ विद्यार्थ्यांनी प्रश्नावली भरली, सहसंबंध (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) ०.१६ आला आणि पी-मूल्य ०.१२. पी-मूल्य म्हणजे मुळात संबंध नसतानाही निदान इतका संबंध केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता; ती ०.०५ पेक्षा कमी असेल तरच निकाल ‘सार्थक’ मानतात. प्रबंध सादर करायला सहा आठवडे उरले असताना आणखी विद्यार्थी मिळवावेत, गृहीतक बदलावे की सगळेच सोडून द्यावे, असा तुमचा प्रश्न आहे. मी काही वर्षांपूर्वी याच शहरात हे वर्ष पूर्ण केले आणि माझेही मुख्य गृहीतक सिद्ध झाले नव्हते. माझे स्पष्ट मत असे की यातले काहीच करू नये. जो निकाल हाती आहे त्यावरच प्रबंध लिहावा.

तुमची भीती मला कळते. ऑस्ट्रेलियात पूर्वी चार वर्षांच्या शिक्षणानंतर दोन वर्षे देखरेखीखाली उमेदवारी करून मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदणी मिळवता येत असे; त्या मार्गासाठी नवे अर्ज स्वीकारणे ३० जून २०२२ नंतर बंद झाले. त्यामुळे पाचव्या वर्षाच्या पदव्युत्तर जागांसाठी चुरस असते आणि त्यात या चौथ्या वर्षाच्या गुणांना फार वजन असते. त्यातच आपल्याकडे ‘प्रबंध’ म्हटले की घरच्यांना पीएच.डी. आठवते आणि काहीतरी मोठे सिद्ध करून दाखवायचे आहे असे विद्यार्थ्यालाही वाटू लागते. ऑनर्सच्या प्रबंधाचे परीक्षक मात्र प्रश्न नेमका मांडला आहे का, पद्धत त्या प्रश्नाला साजेशी आहे का आणि निष्कर्ष आकड्यांच्या पुढे तर धावत नाही ना, हे पाहतात. निकाल सार्थक आला नाही एवढ्यावरून गुण कापणारा परीक्षक मला तरी भेटला नाही.

आणखी विद्यार्थी मिळवण्याचा मोह सर्वांत घातक आहे. निकाल पाहायचा, सार्थक नसेल तर थोडे लोक वाढवायचे आणि पुन्हा पाहायचे, असे करत गेल्यास पाच टक्के चुकीची जी मर्यादा आपण मान्य केलेली असते ती केव्हाच ओलांडली जाते. सिमन्स, नेल्सन आणि सायमनसोन या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले की अशा चार सवलती एकत्र घेतल्या तर, मुळात काहीच संबंध नसतानाही, सार्थक निकाल हाती लागण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या वर जाते. शिवाय मंजूर संख्येपेक्षा अधिक लोक घ्यायचे तर नीतिसमितीकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागेल आणि त्यात तुमचे सहा आठवडे सहज निघून जातील. निकाल पाहून नंतर गृहीतक बेतणे हेही याच जातीचे. परीक्षकाला ते कदाचित कळणार नाही. पण पुढे ज्याच्या समोर रुग्ण बसणार आहे त्याने ही सवय चौथ्या वर्षात लावून घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

मात्र लिहायला बसण्यापूर्वी आकडे एकदा मुळापासून तपासा. माझा विषय रात्रपाळीत काम करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची झोप आणि त्यांना जाणवणारा ताण हा होता. ताणाच्या दहा प्रश्नांच्या मापनश्रेणीत चार प्रश्न उलट दिशेचे असतात, म्हणजे त्यांत जास्त गुण म्हणजे कमी ताण. त्यांचे गुण उलटवायला मी विसरले आणि दोन आठवडे एका निरर्थक बेरजेवर विश्लेषण करत राहिले. अंतर्गत सुसंगतता (श्रेणीतील प्रश्नांच्या उत्तरांचा एकमेकांशी मेळ) विलक्षण कमी का येते, असे मार्गदर्शकांनी विचारले तेव्हा ते उघडकीस आले. तुम्ही यूसीएलए एकाकीपणा श्रेणीची वीस प्रश्नांची तिसरी आवृत्ती वापरली असेल, तर तिच्यात असे नऊ प्रश्न आहेत. ते उलटवले आहेत का, एकाच व्यक्तीने दोनदा उत्तरे दिली आहेत का, दोन मिनिटांत सगळी प्रश्नावली कोणी संपवली आहे का, हे पाहा. कोणाची उत्तरे वगळायची याचा नियम आधी कागदावर लिहा आणि मगच तो लावा. त्याने निकाल बदलला तर दोन्ही निकाल प्रबंधात द्या.

आता तुमच्या ०.१६ कडे येऊ, कारण तुमचा प्रबंध इथेच उभा राहणार आहे. ९४ जणांच्या नमुन्यात या सहसंबंधाचे ९५ टक्के विश्वासांतर (खरा आकडा बहुधा ज्या पट्ट्यात असेल तो पट्टा) साधारण उणे ०.०४ ते ०.३५ इतके रुंद येते. म्हणजे खरा संबंध शून्य असू शकतो आणि चांगला मध्यम ताकदीचाही असू शकतो. ‘संबंध नाही’ आणि ‘संबंध दिसला नाही’ ही दोन वाक्ये मराठीत शेजारी ठेवून पाहा; तुमच्या हाती फक्त दुसरे आहे. मी चर्चेच्या प्रकरणातील प्रत्येक निष्कर्ष आधी मराठीत लिहून पाहत असे, कारण इंग्रजीतील ठरावीक शब्दप्रयोगांमागे माझा गोंधळ लपत होता आणि मराठीत तो लपत नव्हता. ०.३० इतका संबंध ८० टक्के शक्यतेने पकडायला सुमारे ८५ लोक पुरतात, परंतु ०.२० साठी १९० हून अधिक लागतात. तेव्हा तुमचा अभ्यास मध्यम संबंध शोधण्याइतका मोठा होता आणि लहान संबंध शोधण्याइतका नव्हता, हे वाक्य जसेच्या तसे लिहिता येईल. आलेल्या ०.१६ वरून मागाहून ‘शक्ती’ (खरा संबंध पकडण्याची अभ्यासाची शक्यता) काढून दाखवू नका. तो आकडा पी-मूल्याचेच दुसरे रूप असल्यामुळे नवे काही सांगत नाही.

चर्चेसाठी तुमच्याकडे आणखी एक खरा मुद्दा आहे. वापराचा वेळ तुम्ही विद्यार्थ्यांना विचारून घेतला आहे. लोक सांगतात तो वेळ आणि फोनमध्ये प्रत्यक्ष नोंदला जाणारा वेळ यांचा मेळ मध्यमच बसतो, आणि मापन असे सैल असले की दिसणारा सहसंबंध मूळ संबंधापेक्षा सहसा फिका येतो. ‘नमुना लहान होता आणि केवळ विद्यार्थी होते’ या प्रत्येक प्रबंधात आढळणाऱ्या ओळीपेक्षा हा एक परिच्छेद कितीतरी मोलाचा ठरेल. २०१५ मध्ये शंभर मानसशास्त्रीय अभ्यासांची पुनरावृत्ती करून पाहिली गेली, तेव्हा मूळ निकालांपैकी ९७ टक्के सार्थक असताना पुनरावृत्तीत ३६ टक्केच तसे निघाले. प्रामाणिकपणे मांडलेल्या असार्थक निकालांची या विषयाला किती गरज आहे, ते यावरून दिसते.

लिहिण्याचा क्रम म्हणाल तर पद्धत आणि निकाल ही प्रकरणे पहिल्या दहा दिवसांत उरका, कारण त्यात नवे सुचावे लागत नाही. मग चर्चा, त्यानंतर प्रस्तावनेची काटछाट आणि सर्वांत शेवटी सारांश. प्रस्तावनेत ज्या मुद्द्याचा चर्चेत पुन्हा उपयोग होत नाही, तो कितीही मेहनतीने वाचलेला असला तरी काढून टाका; माझी बारा पाने अशीच गेली. प्रकृतीची किंवा घरची अडचण असेल तर मुदतवाढीचा अर्ज कागदपत्रांसह मुदतीपूर्वीच करा. आणि या आठवड्यातच, एकही परिच्छेद लिहिण्याआधी, विश्वासांतरासह निकालांचा एक पानी तक्ता मार्गदर्शकांना पाठवून भेटीची वेळ मागा. सोडून देण्याचा विचार आहे तोही त्या भेटीत त्यांना सांगा.