वाचक विचारतात : लायसन्सच्या मजकुराला हात लावू नका

प्रश्न : मराठी शब्दकोश शोधून देणारा माझा पायथन प्रोग्राम गिटहबवर (कोड ठेवायच्या आणि वाटायच्या वेबसाइटवर) आहे. कोड कुणालाही वापरू देणाऱ्या एमआयटी लायसन्सच्या मजकुराखाली मी ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ अशी ओळ जोडली. आता गिटहब एमआयटी दाखवतच नाही. दोन मित्रांचाही कोड त्यात आहे; शब्द आणि अर्थ मराठी विक्शनरी या खुल्या ऑनलाइन शब्दकोशातले आहेत. काय चुकलं?

उत्तर : ती ओळच. गिटहब तुमची फाइल मूळ मसुद्याशी ताडून पाहतं. भर पडली की ओळख पटेनाशी होऊ शकते. पण लायसन्सच्या नावाचा बिल्ला न दिसणं ही किरकोळ बाब. एमआयटी विक्रीचीही मुभा देतं, तुमची ओळ ती काढून घेते. एकाच फाइलीत दोन परस्परविरोधी अटी म्हटल्यावर कोड घेणारा बिचकणारच. शिवाय वापराच्या क्षेत्रावर बंधन आलं की प्रकल्प ओपन सोर्सच्या (कुणालाही, कशासाठीही वापरता येणाऱ्या कोडच्या) व्याख्येत बसत नाही.

ओळ काढण्याआधी दोघा मित्रांची संमती इश्यूमध्ये (प्रकल्पाच्या गिटहबवरच्या चर्चेच्या नोंदीत) लेखी घ्या; त्यांच्या कोडचा कॉपीराइट सहसा त्यांचाच असतो. मग जुनी फाइल डिलीट करून ‘ॲड फाइल’मधून नवी उघडा. नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांत ‘लायसन्स’ टाइप केलं की साचा निवडायचं बटण येतं. एमआयटी निवडा, वर्ष आणि नाव भरा, पुढे स्वल्पविरामही हलवू नका. दर जानेवारीला वर्ष बदलत बसायची गरज नाही.

विक्शनरीचा मजकूर एमआयटीखाली देता येणार नाही. तो क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.० या लायसन्सखाली असतो : श्रेय द्यायचं, आणि बदल करून वाटलात तर त्याच अटींवर. तेव्हा डेटाचा फोल्डर वेगळा, त्यात त्याचं लायसन्स वेगळं, आणि रीडमीत (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलीत) दोन्हींचा उल्लेख.

कोड ऑफ कंडक्टसाठी, म्हणजे प्रकल्पातल्या वागणुकीच्या नियमांसाठी, कॉन्ट्रिब्यूटर कॉव्हेनंट हा तयार मसुदा घेतलात तर त्यात संपर्काची जागा चौकटी कंसात असते. ती हमखास तशीच राहते, मग तक्रार करायची कुणाकडे? चालू ईमेल भरा.

प्रश्न : माझ्या गिटहबवर सहा रिपॉझिटरी (प्रकल्पांचे फोल्डर) आहेत. या सगळ्या फाइली सहाही ठिकाणी ठेवायच्या?

उत्तर : नाही. सुरुवातीला टिंब देऊन ‘.गिटहब’ नावाची (अर्थात रोमन लिपीत) सार्वजनिक रिपॉझिटरी करा. तिथल्या कोड ऑफ कंडक्ट, कॉन्ट्रिब्यूटिंग (सहभाग कसा घ्यायचा) आणि सिक्युरिटी (सुरक्षेतली त्रुटी कशी कळवायची) या फाइली, ज्या रिपॉझिटरीत स्वतःच्या नाहीत तिला लागू होतात. लायसन्स मात्र सहाही ठिकाणी स्वतंत्र हवं. क्लोन करणाऱ्याच्या, म्हणजे प्रत उतरवून घेणाऱ्याच्या हाती फक्त त्या रिपॉझिटरीतल्याच फाइली पडतात.