चोपडा-शिरपूर पट्ट्यात वावर घ्यायचं तर एजंट कसा पारखावा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. माहेर अमळनेर तालुक्यातलं, सध्या राहणं पुण्याला, आणि चोपडा ते शिरपूर या पट्ट्यात तीन-चार एकर बागायती जमीन घ्यायची आहे. समोर दोन एजंट आहेत. एक त्याच गावचा, विकणाऱ्याच्या नात्यातला. दुसरा जळगावचा, ऑफिसवाला, ड्रोनचे व्हिडिओ पाठवणारा. दोघांपैकी कोण निवडावा, आणि एजंटाची रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखालची नोंदणी बघावी का?

माझं स्पष्ट मत, या वावरासाठी दोघंही नकोत. गावातला माणूस माहितीसाठी मोलाचा आहे, त्याच्याशी संबंध गोड ठेवा. पण तो विकणाऱ्याचा भाऊबंद आहे. उद्या बांधावरून किंवा विहिरीच्या हिश्श्यावरून वाद निघाला तर तो तुमच्या बाजूने उभा राहणार नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणंही त्याच्यावर अन्याय. जळगावचा माणूस प्लॉटच्या व्यवहारात तयार असेल, पण अनेर नदीच्या काठावर कुठल्या गटात (म्हणजे कुठल्या क्रमांकाच्या जमिनीत) पावसाळ्यात पाणी साचतं हे त्याला ड्रोन सांगणार नाही. शोधायचा तो तालुक्याच्या गावी बसणारा, दहा-बारा गावांचं शिवार पायाखालून घातलेला माणूस. असे लोक जाहिरातीत सापडत नाहीत. कृषी सेवा केंद्राचे मालक, केळीचे व्यापारी, शेतीकर्ज देणाऱ्या विकास सोसायटीचे गटसचिव आणि दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसणारे दस्तलेखक या चौघांना वेगवेगळं विचारा. जे नाव दोघा-तिघांच्या तोंडून येईल, त्याला भेटा.

भेटल्यावर पहिला प्रश्न जमिनीचा विचारू नका. विचारा, "या शिवारात अलीकडे मोडलेला एखादा व्यवहार सांगा, आणि तो का मोडला?" शिवार जाणणारा माणूस लगेच सांगतो: बहिणीची सही मिळाली नाही, रस्ता निघाला नाही, सातबारावर सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता, मोजणीत क्षेत्र कमी भरलं. ज्याच्याकडे एकही मोडलेला व्यवहार नाही, तो एकतर नवखा आहे किंवा लपवतोय.

दुसरी परीक्षा शेतकरी दाखल्याची. आपल्याकडे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63 हेच सांगतं. तुमच्या वडिलांच्या नावावर उतारा असेल तर तुमचा मार्ग मोकळा आहे. तिथल्या तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला भेटून कागद गोळा करा. पण एजंटाने "दाखल्याचं टेन्शन घेऊ नका, मी काढून देतो" असं म्हटलं तर तिथूनच उठा. खोट्या दाखल्यावर झालेली खरेदी बेकायदा ठरते आणि कलम 84क खाली जमीन सरकारजमा होऊ शकते. तेव्हा तो एजंट फोनसुद्धा उचलणार नाही.

तिसरी, आणि आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाची, आदिवासी जमिनीची. चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूरचा सातपुड्याकडचा भाग, साक्रीचा पश्चिम भाग आणि जवळपास सगळा नंदुरबार जिल्हा इथे आदिवासी खातेदारांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर आहेत. जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ प्रमाणे अशी जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि तिला शासनाची पूर्वमान्यताही लागते. नुसती भाडेपट्ट्याने किंवा गहाण घ्यायची म्हटली तरी, पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीलासुद्धा, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवीच. "नव्व्याण्णव वर्षांचा करार करून देतो", "आपल्याच माणसाच्या नावावर ठेवू, कब्जा तुमचा" हे प्रस्ताव या भागात सर्रास कानावर येतात. वनहक्क कायद्याखाली मिळालेला वनपट्टा तर विकताच येत नाही, तो फक्त वारसांकडे जातो. स्वस्त मिळतंय म्हणून कुणी असा सौदा समोर ठेवला तर तो नाकाराच. कलम 36अ ज्यांच्या जमिनी पिढ्यानपिढ्या फसवून काढून घेतल्या गेल्या त्यांच्यासाठी आहे, आणि आपण त्याला वळसा घालायचा नाही, हे मला मनापासून वाटतं. जो एजंट हा विषय तुम्ही काढायच्या आधी स्वतःहून सांगतो, त्याच्यावर माझा निम्मा विश्वास तिथेच बसतो.

आता मुख्य गोष्ट. एजंट तुम्हाला मालकाशी किती लवकर आणि किती मोकळेपणाने बोलू देतो, त्यावर त्याला पारखा. आपल्याकडे जुनी रीत आहे की मालक एजंटाला सांगतो, "मला एकरी एवढे पाहिजेत, वर मिळतील ते तुझे." काही जण याच्याही पुढे जातात. मालकाला थोडा इसार म्हणजे आगाऊ रक्कम देऊन स्वतःच्या नावाने सौदा पावती, म्हणजे खरेदीचा करार, करतात, सहा महिन्यांची मुदत घेतात आणि त्या मुदतीत जमीन फिरवतात. तुम्ही भेटता तेव्हा खरं तर दुसऱ्या सौद्यात शिरत असता. खरेदीखतावर मालकाची रक्कम येते, मधला फरक रोखीत मागितला जातो. त्या पैशाला ना पावती ना साक्षीदार. आणि स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, हे वेगळंच.

माझ्या मेहुण्याच्या व्यवहारात हेच होत होतं. एजंट मालकाची भेट टाळत राहिला. म्हातारे आजारी आहेत, तापट आहेत, भाव वाढवतील, रोज नवं कारण. शेवटी आम्ही दोघं त्याला न सांगता गावात गेलो. म्हातारे अगदी धडधाकट, ओट्यावर बसलेले. चहा झाला आणि एकरी आकडा त्यांच्या तोंडून ऐकला, तो आम्हाला सांगितलेल्यापेक्षा खूपच कमी होता. पुढे एजंटाला समोर बसवून, ठरलेली दलाली देऊन व्यवहार मालकाशी थेट केला. म्हणून सांगतो, पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीतच मालक समोर आला पाहिजे. आणि एजंटाला सरळ विचारा, "मालकाशी सौदा पावती कुणाच्या नावाने झाली आहे? दाखवा."

मालक भेटला की घरातली माणसं मोजा. सातबारावर एकच नाव असलं तरी मागे ए.कु.क. म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता अशी जुनी नोंद असू शकते. ती फेरफारात, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदीत, दिसते. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क आहे, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर त्यात शंका उरलेली नाही. बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर त्यांची संमती खरेदीखतावर हवी. अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालचा वारस असेल तर कोर्टाची परवानगी. यासाठी एक उपाय आहे, तो आपल्या मुलखातच चालतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जा. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात. मालकाच्या बहिणींना नमस्कार करा, त्यांच्या समोर जमिनीचा विषय काढा. चेहरे पाहिले की कळतं सही मिळणार की दावा पडणार. चांगला एजंट तुम्हाला त्या दिवसांत आवर्जून बोलावेल. आणि बटाईचे (पिकाच्या वाट्यावर कसायचे), उक्त्याचे (ठरलेल्या रकमेवर कसायचे) करार आखाजी ते आखाजी चालतात, म्हणून सध्या वावर कोण कसतोय आणि कुठपर्यंत, हेही तेव्हाच स्पष्ट होतं.

वावरावर एकदा एजंटाशिवायही जा. पारावर, चहाच्या टपरीवर साधं विचारा, "हाई वावर कोनं शे?" (हे वावर कुणाचं आहे?) एकाच गटाला दोन नावं ऐकू आली तर समजा भाऊबंदकी चालू आहे.

पाणी आणि रस्ता याबद्दल एजंटाच्या शब्दावर जाऊ नका. विहीर चैत्र-वैशाखात बघा, पावसाळ्यात नाही. विहिरीची नोंद सातबारावर आहे का, सामाईक असेल तर हिस्सा किती आणि पाळी कशी, वीज जोडणी कुणाच्या नावावर आहे, बिल थकलंय का. रावेर-यावलकडे बोअर किती खोल गेले आहेत हे तुम्हाला माहीत असेलच. चोपड्याकडेही शेजारच्या वावरातल्या बोअरची खोली विचारून घ्या. काळ्या जमिनीत श्रावणात ट्रॅक्टर जातो का, हे श्रावणात जाऊनच कळतं. रस्ता वहिवाटीचा असेल तर बांधकऱ्यांना विचारा. रस्ता नसेल तर तहसीलदारांकडे कलम 143 चा अर्ज करता येतो, पण त्यात वर्षं जातात आणि शेजाऱ्याशी कायमचं वैर येतं. ते भावात धरूनच बोला.

क्षेत्राच्या बाबतीत पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, वेगळा काढा. तापीकडच्या आणि नाल्याकाठच्या गटांत तो मोठा असतो, आणि काही एजंट एकूण क्षेत्रावर भाव लावतात. सौदा पावतीतच लिहा की सरकारी मोजणीत भरेल त्या लागवडीयोग्य क्षेत्रावर रक्कम ठरेल. मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडून, मोजणी नकाशाची 'क' प्रत हातात. खाजगी माणसाने टेप लावून दिलेली खात्री चालणार नाही.

रेराबद्दल विचारलं आहे म्हणून. एन.ए. म्हणजे बिगरशेती केलेल्या लेआउटमधला प्लॉट विकणाऱ्या एजंटाकडे महारेराचा नोंदणी क्रमांक असायलाच हवा, आणि तो संकेतस्थळावर तपासता येतो. साध्या शेतजमिनीच्या सौद्याला ती नोंदणी लागत नाही, म्हणून "मी रेरावाला आहे" याने वावराच्या व्यवहारात फारसं काही सिद्ध होत नाही. शेतजमिनीतून पाच-पाच गुंठ्यांचे 'फार्महाऊस प्लॉट' पाडून विकणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. तुकडेबंदी कायद्याखाली 2023 पासून आपल्याकडे जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे ही किमान मर्यादा आहे.

"रेल्वे जाणार आहे, भाव दुप्पट होतील" हे वाक्य शिरपूरकडे हमखास ऐकाल. मनमाड-इंदूर हा 309 किलोमीटरचा मार्ग 2024 च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने मंजूर केला हे खरं. पण तुमचा गट भूसंपादनात आहे का, हे प्रांत कार्यालयात विचारा. भाव वाढेल म्हणून घेतलेली जमीन संपादनात गेली तर शेती करायचं तुमचं स्वप्न राहून जाईल.

दलालीचं बोलणं पहिल्याच दिवशी करा आणि कागदावर घ्या. साधारण एक ते दोन टक्के असते. एजंट विकणाऱ्याकडूनही घेत असेल तर हरकत नाही, फक्त ते उघड असावं. माझा आग्रह असा की थोडी रक्कम सौदा पावतीला, मोठा भाग खरेदीच्या दिवशी आणि शेवटचा भाग फेरफार मंजूर होऊन तुमचं नाव सातबारावर चढल्यावर द्यायचा. ज्याला आपल्या कामाची खात्री आहे तो हे मान्य करतो. जो मालकाचं मुखत्यारपत्र घेऊन "मीच सही करतो" म्हणतो, त्याला मालकालाच निबंधकासमोर उभं करायला सांगा.

आणि वकील एजंटाने सुचवलेला घेऊ नका. तुमचा स्वतःचा घ्या, 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या दस्तांच्या तपासणीचा अहवाल) आणि पेपरात जाहीर नोटीस त्याच्याकडून करून घ्या. एजंटाचं काम जमीन आणि माणसं समोर आणणं. मालकी तपासणं हे त्याचं कामच नाही, कितीही चांगला असला तरी.

सध्या एवढं करा. दोन्ही एजंटांकडून गाव आणि गट नंबर मागा. देणार नसतील तर विषय संपला. दिला तर 15 रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढा, भोगवटादार वर्ग 1 आहे की 2 (म्हणजे विकायला परवानगी लागणारी) ते बघा, आणि 'इतर हक्क' रकान्यात कूळ, बोजा, पुनर्वसन किंवा 36अ असं काही लिहिलेलं आहे का ते वाचा. खातेदारांची नावं झाकून तो रकाना इथे टाकलात तर कुठल्या फेरफाराची नक्कल आधी काढायची ते सांगतो.