वाचकांचे प्रश्न : दिवे चारच आहेत

प्रश्न : विज्ञानकथा मालिका पाहून वर्षं लोटतात, कथानक पुसट होतं, पण एखादं वाक्य मात्र जसंच्या तसं आठवतं. असं का होत असेल? तुमच्या मनात कोणतं वाक्य घर करून आहे?

उत्तर : माझ्या मनातलं वाक्य अगदी साधं आहे : 'दिवे चारच आहेत!' मालिका न पाहिलेल्या माणसाला ते ऐकवलं, तर तो म्हणेल, बरं, मग? तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथंच सापडतं. वाक्याला वजन येतं ते त्याच्या आधी घडलेल्या गोष्टींमुळे.

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'मध्ये १९९२ साली 'चेन ऑफ कमांड' ही दोन भागांची कथा आली. अंतराळयानाचा कॅप्टन पिकार्ड कार्डेशियन या शत्रू परग्रहवासीयांच्या कैदेत सापडतो. मॅड्रेड नावाचा अधिकारी त्याला समोरचे दिवे दाखवून विचारतो, किती आहेत? दिवे चार असतात. पिकार्ड 'चार' म्हणाला की त्याच्या शरीरात बसवलेलं यंत्र असह्य वेदना देतं, कारण मॅड्रेडला 'पाच' ऐकायचं आहे. मधेच मॅड्रेडची लहान मुलगी खोलीत येते आणि हा माणूस कैद्यासमोरच तिच्याशी मायेनं बोलतो. मला तो प्रसंग प्रत्यक्ष छळापेक्षाही भयंकर वाटतो. पॅट्रिक स्टुअर्ट आणि डेव्हिड वॉर्नर या दोन नटांनी एका खोलीत हे सगळं उभं केलंय. बाहेरची अंतराळयानं त्या वेळी आठवतही नाहीत.

अखेर सुटकेची वेळ येते. पिकार्डला धड उभंही राहवत नाही, तरी जाता जाता तो मॅड्रेडकडे वळून सगळं बळ एकवटून ओरडतो, की दिवे चारच आहेत. कथा इथं संपली असती तरी चाललं असतं. पण यानावर परतल्यावर तो समुपदेशक ट्रॉयपाशी कबूल करतो, की शेवटी शेवटी आपण काहीही सांगायला तयार झालो होतो, आणि आपल्याला खरंच पाच दिवे दिसतायत असं वाटू लागलं होतं. हे ऐकून झाल्यावर ती आरोळी पुन्हा ऐका. ती त्याला स्वतःलाही ऐकवायची होती, हे तेव्हा कळतं.

असंच दुसरं उदाहरण 'द ट्वायलाइट झोन'मधलं, १९५९ सालचं. हेन्री बेमिस हा बँकेतला पुस्तकवेडा कारकून. साहेब आणि बायको दोघंही त्याला वाचू देत नाहीत. एके दिवशी तो तिजोरीच्या खोलीत वाचत बसलेला असताना बाहेर बाँबनं सगळं जग संपतं. वाचनालयाची पुस्तकं तेवढी शिल्लक राहतात. तो हरखून महिन्यांनुसार पुस्तकांचे ढीग लावतो, आणि त्याचा चष्मा पडून फुटतो. हा अन्याय आहे, आता तर वेळच वेळ होता, असं काहीसं तो पुटपुटतो. असं तर आपण कुणीही, कधीही म्हणतो! तरी ते त्याच्या तोंडून ऐकल्यावर विसरता येत नाही.

'द एक्स-फाइल्स'चं 'द ट्रुथ इज आउट देअर' लोकांच्या ओठांवर बसलं ते निराळ्या कारणानं. ते शीर्षकाबरोबर पुन्हा पुन्हा पडद्यावर यायचं. मला ते आठवतं, पण हलवत नाही.

प्रश्न : 'बीम मी अप, स्कॉटी' हे कोणत्या भागात आहे?

उत्तर : मूळ 'स्टार ट्रेक' मालिकेच्या, म्हणजे १९६६ ते १९६९च्या, एकाही भागात हे नेमके शब्द नाहीत. 'स्कॉटी, मला किरणांनी वर यानात घे' असा हा यानाच्या अभियंत्याला दिलेला हुकूम. त्याच्या जवळपासचे हुकूम बरेच आहेत. प्रेक्षकांनी त्यांतूनच हे सुटसुटीत वाक्य घडवलं, आणि ते मालिकेइतकंच टिकलं. याला चूक म्हणायचं मला जिवावर येतं.

प्रश्न : माझी मुलगी स्पर्धेत हरली आणि 'माझं काय चुकलं?' हेच विचारत बसलीय. तिला तुमच्या या मालिकांमधलं काही सांगता येईल का?

उत्तर : तिच्यासोबत 'नेक्स्ट जनरेशन'चा १९८९चा 'पीक परफॉर्मन्स' हा भाग बघा. डेटा हा यंत्रमानव कोल्रामी नावाच्या गर्विष्ठ तज्ज्ञाकडून एका खेळात हरतो. आपल्यात काहीतरी बिघाड असला पाहिजे, असं ठरवून तो कामावरूनच दूर होतो. तेव्हा पिकार्ड त्याला सांगतो, की एकही चूक न करता हरणं शक्य आहे. तो दुबळेपणा नव्हे, ते आयुष्य आहे. तिला हे वाक्य आधी सांगू नका. डेटाची घालमेल तिनं पाहू दे, मग पिकार्डच्याच तोंडून ऐकू दे. आणि भाग तिथं बंद करू नका. पुढं डेटा कोल्रामीशी पुन्हा खेळायला बसतो. या वेळी तो जिंकायच्या संधी मुद्दाम सोडतो, डाव फक्त बरोबरीत ठेवत राहतो, आणि शेवटी कोल्रामीच चिडून उठून जातो.