चादरी पाठवायच्या, पण कुठे?

प्रश्न : ताई, युद्धातून पळून आलेल्या कुटुंबांना चर्चमध्ये आसरा देतात, असं टीव्हीवर दिसतं. आमच्या चर्चच्या महिला मंडळाने अशा लोकांसाठी सोलापुरी चादरी पाठवायचं ठरवलंय. त्यांचा उपयोग होईल का? आणि चर्चमध्ये राहायचं म्हणजे बाकांवरच झोपायचं का हो?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : बाकांवर झोपणं पहिल्या एक-दोन रात्रींपुरतं. खरं काम त्यानंतर निघतं. मी नोकरीभर आपल्याच सोलापुरात मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. चार-चार दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात भरलेलं वसतिगृह चालवलं. त्यामुळे एखाद्या चर्चने माणसं ठेवून घेतल्याचं वाचलं, की प्रार्थनेच्या आधी मला टाकी आठवते. संडास किती? तान्ह्याचं दूध कुठे तापवणार? पाळी आलेल्या मुलीने कुणाला सांगायचं?

आणि हे किती दिवस? कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ साली पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित आले, बहुतेक बायका आणि मुलं. ती छावणी १९४८ पर्यंत चालली. सरकारी छावणी होती ती, पण आत चर्च, शाळा, दवाखाना सगळं उभं राहिलं. पाच वर्षांत मुलं मोठी होतात, शाळा लागतेच.

गाझा शहरातल्या होली फॅमिली चर्चच्या आवारात ऑक्टोबर २०२३ पासून शेकडो माणसं राहिली. शाळेच्या वर्गांत बिऱ्हाडं थाटली गेली. मदर तेरेसांच्या सिस्टर तिथेच अपंग मुलांना सांभाळत होत्या. पोप फ्रान्सिस जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करायचे आणि आज काय जेवलात, असंही विचारायचे. रेक्टरच्या कानाला याहून शहाणा प्रश्न नाही! पण क्रूस दिसला की जीव वाचला, असं धरून चालू नका. १७ जुलै २०२५ ला त्याच चर्चवर मारा झाला, तिघं गेले, फादर जखमी झाले. रवांडात १९९४ साली न्यामाता आणि न्तारामाच्या चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या हजारोंना तिथेच मारलं गेलं.

आता चादरींचं. गाझात तुमचं गाठोडं पोचणं अवघड. युक्रेन-पोलंडच्या थंडीत आपली चादर पुरायची नाही. मिझोरामचा विचार करा. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि तिथले चिन जमातीचे लोक हजारोंनी सीमा ओलांडून मिझोरामात आले. त्यांना आत घेऊ नका, असं केंद्राचं सांगणं होतं. मिझो लोकांनी ऐकलं नाही, कारण येणारे त्यांचेच भाऊबंद. तिथल्या चर्चनी आणि यंग मिझो असोसिएशनने जेवणखाण, निवारा अंगावर घेतला. त्यांना सवय आहे म्हणा. तिथल्या ख्रिस्ती बायका १९१० पासून दर स्वयंपाकाला मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात, आपल्या कर्मवीर अण्णांच्या मुष्टीफंडासारखं. मणिपूरमध्येही मे २०२३ नंतर कितीतरी कुटुंबं मदत छावण्यांत गेली.

तेव्हा गाठोडी बांधण्याआधी तुमच्या पाळकांमार्फत तिथल्या चर्चला विचारा, सध्या काय संपलंय. औषधं, वह्या किंवा नुसते पैसे असं उत्तर आलं तर नाक मुरडू नका. वसतिगृहात लोक प्रेमाने जुने कपडे आणून टाकायचे. ते निवडण्यात आमच्या मावशींचा अख्खा दिवस जायचा, आणि साबण मात्र कुणी आणायचं नाही.

चादरी हव्यात म्हणाले, तर खुशाल पाठवा. मिझोराममधल्या चंफाईसारख्या डोंगरी भागात हिवाळ्यात लागतातच. सोबत जाड सुतळी आणि खिळेही द्या. एका हॉलमध्ये चार कुटुंबं राहायला लागली, की बायकांना कपडे बदलायला आधी आडोसा लागतो, आणि आपली चादर पडद्याला चांगली जाड असते. गडद रंगाच्या निवडा. तिथे रोज धुवायला पाणी कुठलं?