‘सेफ्टी’ म्हणजे सुरक्षित नव्हे, हक्काचं

प्रश्न असा आलाय: “मुलगी पदवीसाठी अमेरिकेत अर्ज करतेय. एसएटी या प्रवेशपरीक्षेत 1600 पैकी 1550 आहेत म्हणून सल्लागार म्हणतात, बर्कली विद्यापीठ तिची ‘सेफ्टी स्कूल’, म्हणजे जिथे प्रवेश नक्की मिळणारच असं. इतक्या निवडक विद्यापीठाला सेफ्टी म्हणता येतं का? आणि मराठीत ‘सुरक्षित विद्यापीठ’ म्हणावं का?”

आधी ते ‘निवडक’ काढून टाका. निवडक म्हणजे निवडलेलं: निवडक कविता, निवडक पाहुणे. जे स्वतः निवडतं आणि दहातल्या नऊ जणांना परत पाठवतं, ते चोखंदळ. ही चूक वाचली की दर वेळी दाताखाली खडा येतो.

‘सुरक्षित’सुद्धा नको. त्यात ‘रक्ष्’ धातू आहे, म्हणजे राखणारा कुणीतरी वेगळा लागतो. ‘सुरक्षित विद्यापीठ’ म्हटलं की आईबापांच्या डोळ्यांसमोर फाटकावरचा वॉचमन उभा राहतो. कोशकार ‘सेफ’समोर ‘सुरक्षित’ लिहून मोकळे होतात, ते मला अजिबात पटत नाही. काही जाणकार तर ‘सेफ’चं नातं ‘सहीसलामत’शी जोडतात. साफ चूक! सलामत अरबी आहे, स-ल-म या मुळातून आलेला. सलाम आणि इस्लाम ही त्याची भावंडं.

‘सेफ’ आला फ्रेंचमार्गे लॅटिन ‘साल्वुस’पासून, आणि साल्वुस हा आपल्या ‘सर्व’चा सख्खा भाऊ. होय, सर्व! या शब्दाचा मूळ अर्थ ‘सगळे’ नव्हे, ‘अखंड’. ऋग्वेदात ‘सगळे’ म्हणायला मुख्यतः ‘विश्व’ येतो, म्हणून तर विश्वेदेव. ‘सर्व’ तिथे शाबूतपणा सांगतो. ‘सर्वांग’ म्हणजे ज्याचे सगळे अवयव धड आहेत असा, ‘सर्वताति’ म्हणजे क्षेम. सप्ताहाचा जसा हफ्ता, तसा पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात या ‘स’चा ‘ह’ होतो आणि सर्वतातिचं ‘हउर्वतात्’ होतं. तेच पुढे झिजून ‘खोरदाद’ झालं. मुंबईतले पारशी खोरदाद साल, म्हणजे जरथुष्ट्राचा जन्मदिन, साजरं करतात, तेव्हा ‘सेफ्टी’चा हा चुलतभाऊच त्यांच्या तोंडी असतो. मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री झोप लागली नव्हती.

म्हणून माझं ठाम मत: सेफ्टी हा विद्यापीठाचा गुण नाहीच. बाकी सगळीकडून नकार आले तरी अर्जदार शाबूत राहतो का, एवढंच त्यात बघायचं. एकच विद्यापीठ एकाची सेफ्टी असतं आणि दुसऱ्याचं स्वप्न.

बर्कली शंभर अर्जांमागे जेमतेम अकरा-बारा जणांना घेते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बर्कली हे कॅलिफोर्निया विद्यापीठाचं एक केंद्र, आणि त्याची सगळी केंद्रं प्रवेश देताना एसएटी बघतच नाहीत. मग 1550 च्या जोरावर ती सेफ्टी कशी? आपल्या डोक्यात इथल्या केंद्रीभूत प्रवेशाचा कॅप राऊंड बसलेला असतो. गेल्या वर्षीचा कटऑफ काढायचा, आपलं पर्सेंटाइल त्याच्या वर असलं की ते कॉलेज पसंतीक्रमात खाली टाकून निर्धास्त व्हायचं. बर्कलीत निबंध, शाळेतले विषय, शाळेबाहेरचं काम हे सारं एकत्र वाचून ठरवतात, त्यामुळे वर गेलो की आत अशी रेषाच नसते.

तरी चोखंदळ विद्यापीठ सेफ्टी होऊ शकतं. टेक्सासमध्ये 1997 साली कायदा झाला: राज्यातल्या शाळेत वर्गात वरच्या 10 टक्क्यांत आलेल्याला सरकारी विद्यापीठात आपोआप प्रवेश. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात गर्दी इतकी वाढली की तिथली मर्यादा 6 टक्क्यांवर आली आणि 2026 च्या प्रवेशांसाठी 5 वर. त्या 5 टक्क्यांतल्या मुलाला, फी झेपत असेल तर, ऑस्टिन सेफ्टी आहे. पुण्याहून अर्ज करणाऱ्या तुमच्या मुलीला नाही, तिचे गुण त्याच्याहून जास्त असले तरी.

आणि इथेच मराठी शब्द सापडतो: हक्काचं. हक्काचं घर, हक्काचं माणूस, तसं हक्काचं कॉलेज. टेक्सासात तो हक्क अक्षरशः कायद्यात लिहिलाय. पण तो फक्त विद्यापीठापुरता. कम्प्युटर सायन्सची जागा त्या 5 टक्क्यांतल्या मुलालाही हक्काची नाही.